काटा लालमध्ये, इंजिन मात्र गार: पिकअपचा खोटा ‘ओव्हरहीट’ कसा पकडायचा

गेल्या उन्हाळ्यात गेवराईहून टरबूज भरून सोलापूरला निघालो होतो. दुपारचे दोन, डोक्यावर रणरणतं ऊन, मागं दीड टन माल. मांजरसुंब्याचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रडत चढलो, पण इंजिनच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. माल उतरवून त्याच रात्री परत फिरलो. गाडी रिकामी, वारा गार, रस्ता मोकळा. येरमाळा सोडून चौसाळ्याकडं येताना सहज खाली बघितलं, तर काटा सरळ लालमध्ये.

बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही, बाटलीत कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) खुणेला खूण. वीस मिनिटं थांबून निघालो, तर पंधरा किलोमीटरवर पुन्हा तेच.

पुढच्या दहा दिवसांत थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल्व) बदलला, रेडिएटर उकळून आणला, नवं कुलंट भरलं. ६,४०० रुपये गेले आणि काटा होता तिथंच. शेवटी एका मिस्त्रीनं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलायचा सल्ला दिला, तेव्हा मी हात जोडले आणि गाडी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्या चाचाकडं नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. एकच प्रश्न विचारला, “रात कोच होता क्या?” म्हणजे रात्रीच होतं का. मी हो म्हणालो. “मग गाडी गरम नै हुई. काटा गरम हुआ.”

विचार केला तर किती साधी गोष्ट होती. ४२ अंशांच्या दुपारी, भरल्या गाडीनं, घाटात जे इंजिन तापत नाही, ते रात्री रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर कसं तापेल? पण काटा लाल दिसला की माणसाचं डोकं चालत नाही, खिसा चालतो. चाचांकडं बसून आणि नंतर स्वतःच्या हातानं जे शिकलो, ते ज्या क्रमानं करायला हवं त्या क्रमानं लिहितो.

आधी गाडी वाचवा, मग काट्याला खोटं ठरवा

इशारा खोटा असेल असं वाटलं तरी रस्त्यावर तो खराच धरायचा. यात हयगय नको. खोट्या इशाऱ्यानं फार तर अर्धा तास जातो. खऱ्याकडं दुर्लक्ष झालं तर हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि हंगामाची कमाई गॅरेजात जाते.

एसी असेल तर बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढतो. मे महिन्यात हे करताना जीव जातो, पण करा. गाडी बाजूला घ्या. वाफ दिसली, खाली पाणी गळताना दिसलं किंवा कुलंटचा गोडसर वास आला तर इंजिन लगेच बंद. यातलं काहीच नसेल तर न्यूट्रलला दोन मिनिटं चालू ठेवून काटा काय करतो ते बघा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. झाकणामुळं आत दाब असतो, म्हणून आतलं कुलंट शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. वरचा जाड होज हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत थांबायचं. अर्धा तास तरी जातोच.

थांबलात तेवढ्या वेळात खऱ्या तापण्याची कारणं नजरेखालून घाला. बाटलीतली पातळी. फॅन बेल्ट जागेवर आणि ताणलेला आहे का. विजेवरचा फॅन असेल तर तो फिरतोय का. आणि रेडिएटरचं तोंड. आपल्याकडं हे फार होतं. जिनिंगच्या आवारात दोन महिने ये-जा केली की कापसाची तूस, आणि मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं भुसकट, असं काही रेडिएटरच्या पात्यांत गोधडीसारखं बसतं. समोरून दिसत नाही, एसीच्या कंडेन्सरमागं लपतं. टॉर्च मारून बघा. तिथं थर असेल तर काटा खरं बोलतोय, हा लेख बाजूला ठेवा आणि आधी रेडिएटर धुऊन घ्या.

तेल भरायच्या झाकणाखाली मलईसारखं काही जमलंय, झाकण काढून इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, रोज तांब्याभर पाणी कमी होतं. यातलं काहीही असेल तर तोही खरा आजार. त्याला मिस्त्रीच लागतो.

याच्या उलटही एक फसवणूक आहे. कुलंट इतकं कमी झालं की तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं टोक पाण्यात न राहता हवेत लटकतं, आणि मग काटा खाली पडतो. इंजिन जळत असतं आणि काटा थंड दाखवतो. म्हणून तापलेल्या गाडीचा काटा झटक्यात खाली आला तर खूश होऊ नका, पातळी बघा.

काटा किती वेळात चढला?

चाचांचा दुसरा प्रश्न हाच होता. इंजिन म्हणजे दीड-दोनशे किलो लोखंड आणि आत सात-आठ लिटर पाणी. लग्नाच्या पंगतीचं पातेलं डोळ्यापुढं आणा. चुलीवर ठेवलं आणि दोन सेकंदांत उकळलं असं कधी होतं का? खरं तापमान चढायला मिनिटं लागतात आणि उतरायला त्याहून जास्त. काटा टुणकन उडी मारून लालला गेला आणि तसाच टुणकन परत आला, तर ती वीज आहे, उष्णता नाही. अपवाद एकच, तो वर सांगितला तो: पाणी कमी असेल आणि सेन्सरपाशी वाफेचा फुगा आला तर काटा उड्या मारतो. म्हणून पातळी बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

मग आठवडाभर एक काम करा. डॅशबोर्डवर वही ठेवा. काटा चढला की त्या क्षणी काय चालू होतं ते लिहा: हेडलाइट, ब्लोअर, वायपर, टेप, इंडिकेटर. रस्ता खडबडीत होता का, आदल्या दिवशी वॉशिंग केलं होतं का, घाटातलं वळण होतं का. आणि डिझेलचा काटा बघा. हा माझा सगळ्यात आवडता इशारा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. तापमानाच्या काट्याबरोबर डिझेलचा काटाही वर सरकत असेल तर इंजिन, सेन्सर, रेडिएटर कशाचाच संबंध नाही. दोन्ही काट्यांत समाईक काय आहे? मीटरचा करंट आणि मीटरचं अर्थिंग. माझ्या गाडीत रात्री डिझेल वाढत होतं. मला वाटायचं गाडी बरी ॲव्हरेज द्यायलीय.

खडबडीत रस्त्यावरच होत असेल तर वायर कुठंतरी घासतेय किंवा कपलर (वायरीचा प्लग) सैल आहे. वॉशिंगनंतर एक-दोन दिवस होऊन आपोआप थांबत असेल तर कपलरमध्ये पाणी. नवा सेन्सर टाकल्यापासून काटा कायमच दोन रेघा वर असेल तर सेन्सर दुसऱ्याच गाडीचा आहे. आटे जुळले, बसला, पण त्याचे आकडे वेगळे. दुकानदार “चालतो ओ यालाच” म्हणतो ते बसण्याच्या अर्थानं खरंच असतं.

वळणावर किंवा उतारावरच दिवा लागत असेल तर तो तापमानाचा नसूही शकतो. काही गाड्यांत कुलंटच्या बाटलीत पातळी सांगणारा तरंगता फ्लोट असतो आणि त्याचा इशाराही तापमानाच्याच दिव्यावर येतो. पाणी खुणेच्या थोडं खाली असलं की घाटात ते एका बाजूला जातं आणि दिवा लागतो. शंभर मिली कुलंट घातलं की आजार बरा. गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिव्याचं पान एकदा वाचून ठेवा. पुस्तिका सीटखाली असते, प्लास्टिक पिशवीसकट.

सकाळची चाचणी

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा. यावेळी इंजिन आणि बाहेरची हवा एकाच तापमानाला असतात. काटा अगदी तळाला हवा. चावी ऑन करताच काटा अर्ध्यावर किंवा लालला गेला, तर इंजिन तापलंय हे म्हणायला जागाच उरत नाही. वायर शॉर्ट आहे, सेन्सर गेलाय किंवा मीटर गेलंय.

गाडी नवी असेल, म्हणजे कॉम्प्युटरवाली, तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचा कॉम्प्युटर तपासायची जागा) ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ स्कॅनर लावा. पाचशे-हजारात मिळतो, मोबाइलवर ॲप घेतलं की झालं. त्यात कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान असे दोन आकडे दिसतात. गार इंजिनवर हे दोन्ही जवळपास सारखे हवेत, दोन-चार अंशांचा फरक चालतो. हवा २७ आणि कुलंट ६१ दाखवलं तर खोटारडा सापडला.

स्कॅनरवर दोषाचे कोडही दिसतील. पी ०११७ म्हणजे सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार कमी, बहुधा वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय. अशा वेळी कॉम्प्युटरला इंजिन प्रचंड गरम वाटतं. पी ०११८ म्हणजे व्होल्टेज फार जास्त, वायर तुटलीय किंवा कपलर निघालाय. पी ०११९ म्हणजे कनेक्शन कधी आहे, कधी नाही. पी ०११६ म्हणजे आकडा येतोय पण पटण्यासारखा नाही. आणि पी ०२१७ असेल तर जरा थांबा: तो इंजिन जास्त तापल्याचा कोड आहे. तो दिसला की आधी खरी कारणं पुन्हा तपासा.

त्याच स्कॅनरवर तापमानाचा आलेख लावून वीस किलोमीटर फिरा, बघायला शेजारी कुणीतरी बसवा. तापलेल्या इंजिनचा आलेख बैलगाडीसारखा हळूहळू चढतो. खोट्याचा असा दिसतो: ८६, ८७, ८७, १३१, ८८. तो मधला १३१ इंजिनचा नाही. भरल्या गाडीनं घाट चढताना नव्वदीतून शंभरच्या आसपास गेलं तर घाबरू नका, ते चालतं. चढतच राहिलं तर मात्र थांबा.

दुसरा साक्षीदार

जुन्या गाडीत स्कॅनर चालत नाही. तिथं इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे गॅरेजवाले ज्याला टेम्परेचर गन म्हणतात ती. कोरोनात घरोघरी आलेली कपाळाला लावायची गन इथं कामाची नाही, ती साधारण ४३ अंशांच्या पुढं मोजतच नाही. कारखान्यात वापरतात ती, तीनशे-चारशे अंशांपर्यंत मोजणारी घ्या.

सेन्सर जिथं बसलाय तिथल्या धातूवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर मोजायचं. ते घर चकचकीत ॲल्युमिनियमचं असेल तर गन फसते, खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. म्हणून गाडी गार असताना तिथं काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवा आणि गन जवळ नेऊन त्याच तुकड्यावर मारा. धातूचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश गार असतो, तेवढं गृहीत धरा. काटा लालमध्ये आणि गन ८४ दाखवत असेल, तर वाद मिटला. गन ११२ म्हणाली तर गाडी बंद करा आणि माझ्यासकट कुणाचंही ऐकू नका.

मी माझ्या गाडीवर ही चाचणी रात्री दहाला पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली केली. काटा लाल, गन ८२. पंपावरचा पोरगा म्हणाला, “काय करायलाव काका, गाडीला ताप आलाय का?” ताप आला नव्हता, हेच तर बघत होतो.

कपलर काढून बघणं

आता खोटेपणा कुठं आहे ते शोधायचं. त्यासाठी एवढं समजून घ्या. तापमानाचा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स. तो जितका गरम, तितका त्याचा रेझिस्टन्स कमी. मीटरला किंवा कॉम्प्युटरला तापमान कळत नाही, फक्त हा रेझिस्टन्स कळतो. म्हणून वाटेत कुठं वायर तुटली, गंजली, सैल झाली तर रेझिस्टन्स वाढतो आणि इंजिन थंड वाटतं. वायर सोलून बॉडीला किंवा दुसऱ्या वायरीला टेकली, कपलरमध्ये पाणी गेलं, तर रेझिस्टन्स कमी होतो आणि इंजिन गरम वाटतं. खोटी गरमी दिसतेय म्हणजे कुठंतरी काहीतरी टेकलंय, असं धरून चालायचं. अर्थिंगचा आजार तेवढा याला अपवाद, तो पुढं येतो.

जुन्या गाडीत सेन्सरला एकच वायर असते, दुसरी बाजू आट्यांतून इंजिनच्या लोखंडाला मिळते. चावी ऑन ठेवून ती वायर काढा आणि हवेत धरा. काटा तळाला पडला पाहिजे. पडला, तर मीटरपर्यंतची वायर ठीक आहे आणि संशय सेन्सरवर. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर सेन्सर निर्दोष; वायर वाटेत बॉडीला टेकलीय किंवा दोष मीटरमध्ये आहे. सेन्सर बदलायच्या आधी ही दोन मिनिटांची चाचणी केलीच पाहिजे. सेन्सरच्या आट्यांना प्लंबरसारखी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिनं अर्थिंग तुटतं आणि मग काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, जे जास्त धोक्याचं.

नव्या गाडीत दोन वायरी असतात. कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास आकडा यायला हवा. काही गाड्या लगेच ठरावीक आकडा धरतात आणि फॅन पूर्ण वेगानं सोडतात. म्हणून कपलर काढताना फॅनपासून हात, गमछा, लोंबती दोरी दूर. कपलर काढूनही स्कॅनर १३०-१४० दाखवत असेल तर वायर शॉर्ट. मल्टीमीटरनं (व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) बघायचं तर कपलरच्या एका पिनवर चावी ऑन असताना साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. तिथं शून्य मिळालं की वायरीच्या मागं लागा.

सेन्सर पातेल्यात

संशय सेन्सरवर आला तर तो खोलून घरी आणा. गार इंजिनवरच खोला, आणि नवीन वॉशर आणून ठेवा. स्टीलचं पातेलं, पाणी, एक थर्मामीटर, मल्टीमीटर. आमच्या घरात पातेलं निवडण्यावरून आईनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. जुनं, चहाचं, टाकाऊ पातेलंच वापरा, कुलंट विषारी असतं.

सेन्सरचं पितळी टोक पाण्यात बुडवा, पिना कोरड्या ठेवा, टोक पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. कॉम्प्युटरवाल्या बऱ्याच गाड्यांच्या सेन्सरचे आकडे साधारण असे असतात: २० अंशांना अडीच हजार ओम, ४० ला बाराशेच्या आसपास, ८० ला तीनशे-सव्वातीनशे, शंभरीला दोनशेच्या थोडं खाली. एका वायरीच्या जुन्या सेन्सरचे आकडे याहून बरेच लहान असतात. आकडा नेमका जुळण्यापेक्षा तो कसा उतरतो ते बघा. पाणी तापत जाईल तसा आकडा एकसारखा खाली आला पाहिजे. मध्येच शून्याकडं उडी मारली किंवा अडकून बसला तर सेन्सर गेला. उकळायला लागल्यावर थर्मामीटर ९८ दाखवेल, त्याला खराब समजू नका. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं पाणी शंभराच्या दोन अंश आधीच उकळतं.

टोकावर पांढरा खडूसारखा थर दिसला तर तो बोअरच्या पाण्याचा प्रसाद. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड, त्यातला क्षार गिझरच्या कॉइलला बसतो तसाच सेन्सरला आणि रेडिएटरच्या नळ्यांना बसतो. सेन्सरवरच्या थरानं काटा उशिरा हलतो, आणि नळ्यांतल्या थरानं गाडी खरोखर तापते. कॅनमधलं तयार कुलंट वापरा. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ‘रेडिएटरला कुठलं पाणी’ हा प्रश्न चैनीचा वाटेल, पण हापशाचं घालण्यापेक्षा वाटेत आरओचं घातलेलं बरं, आणि घरी आल्यावर कुलंट.

अर्थिंग: माझ्या गाडीचा चोर

चाचांनी मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर लावला. काळी प्रोब लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर. मग माझ्याकडून डॅशबोर्डखालचं पॅनेल काढून घेतलं. आत मीटरच्या काळ्या वायरी जिथं बॉडीला आवळल्या होत्या त्या स्क्रूवर, म्हणजे बॉडीवर नाही, वायरीच्या टोकावरच, लाल प्रोब ठेवली. इंजिन चालू, लाइट बंद: ०.०५ व्होल्ट. हेडलाइट लावले: ०.३. मग म्हणाले, “वो भी लगाव.” वो म्हणजे बंपरवरचा एलईडी बार. मल्टीमीटरवर २.३ आले, आणि माझ्या डोळ्यासमोर तापमानाचा काटा लालमध्ये गेला, डिझेलचा काटा फुलकडं.

अर्थिंग चांगलं असेल तर तिथं ०.१ च्या आत, फार तर ०.२ दिसावं. आमच्या दोन व्होल्टांचा अर्थ असा की बारचा करंट बॅटरीत परत जाताना त्या एका गंजक्या स्क्रूतून वाट काढत होता. रस्ता अरुंद, गर्दी मोठी. त्यामुळं मीटर ज्याला शून्य समजत होतं ते शून्यच वर उचललं गेलं होतं. जुन्या मीटरमध्ये दोन कॉइल असतात, एक सेन्सरकडं जाते, एक अर्थिंगला. अर्थिंगची कॉइल अशक्त झाली की सेन्सरची कॉइल काट्याला एकटीच ओढते, आणि काटा वर.

बार ज्यानं बसवला त्यानं त्याची काळी वायर डॅशबोर्डखालून नेऊन त्याच स्क्रूवर कोंबली होती. सोपं पडलं असणार. गावात बार लावत नाही, हायवेला रात्रीच लावतो. म्हणून दिवसा दाखवलेल्या कुठल्याच गॅरेजात काही सापडलं नाही. काटा कधी चढतो एवढंच सांगितलं, बार लावलेला असतो हे सांगायला मी प्रत्येक वेळी विसरलो. चूक माझीच.

दुरुस्ती चाळीस मिनिटांची. स्क्रू काढला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत केला. मीटरच्या वायरीला नवं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून एकटंच तिथं आवळलं, वरून थोडं व्हॅसलिन. बारला वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. पुन्हा मोजलं: सगळं चालू असताना ०.०४. चाचांनी तीनशे रुपये घेतले आणि चहा माझ्याकडून.

इंजिनपासून चॅसीला येणारी जाळीची अर्थ पट्टीही अशीच तपासा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी अर्ध्या व्होल्टाच्या वर गेलं तर पट्टी सैल किंवा कुजलेली आहे. गिअरबॉक्स उतरवून परत बसवताना ही पट्टी लावायची राहून गेल्याचं मी स्वतः दोन गाड्यांत पाहिलंय. चार्जिंगही एकदा बघा: रेस दिल्यावर बॅटरीवर पंधरा व्होल्टांच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, आणि काटे, बल्ब, बॅटरी सगळेच त्याची किंमत मोजतील.

उंदीर आणि पाण्याचा फवारा

अर्थिंग ठीक निघालं तर वायर हातानं चाचपत जा. चावी ऑन, शेजारी कुणाला काट्यावर नजर ठेवायला बसवा, आणि सेन्सरपासून मीटरकडं बोटभर-बोटभर वायर हलवत या. काटा जिथं उडेल तिथं थांबा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून वायर जाते ती जागा, बॅटरीच्या ट्रेखालची जागा आणि बॉनेटमधून केबिनमध्ये शिरतानाचं रबर, या तीन ठिकाणी जास्त वेळ द्या.

कडब्याच्या गंजीशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी करत असाल तर उंदीर धरूनच चाला. रात्री गरम इंजिनवर येऊन बसतात आणि वायरीचं कव्हर कुरतडतात. दोन वायरी सोलून एकमेकींना टेकल्या की कॉम्प्युटरवाल्या गाडीत खोटी गरमी आलीच. बॅटरीवर लेंड्या, इंजिनवर शेंगांची टरफलं दिसली तर पुरावा तिथंच आहे. तुटकी वायर पिळून टेप गुंडाळू नका, पहिल्या पावसात ती पुन्हा बोलेल. डाग द्या (सोल्डर करा), वर हीट श्रिंकची नळी चढवा, आणि त्यावर प्लास्टिकचा कोरुगेटेड पाइप.

कपलर उघडला आणि पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना टूथब्रश पुरतो. कपलरच्या आतलं रबर फाटलं असेल तर कपलरच बदला. वॉशिंगवाल्याला सांगा, इंजिनवर प्रेशर नको. तो ऐकत नाही, तरी सांगा.

दुरुस्त झालं हे कसं ठरवायचं

स्कॅनरवाल्या गाडीत कोड पुसून तीन वेळा पूर्ण गार ते पूर्ण गरम अशी गाडी चालवा. कोड परत आला नाही पाहिजे. जुन्या गाडीत, ज्या परिस्थितीत काटा चढायचा तीच पुन्हा उभी करा. पावसात व्हायचं असेल तर कपलरवर बाटलीनं थोडं पाणी शिंपडून बघा. दोन गोष्टी मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू देऊ नका. एक, थर्मोस्टॅट काढून टाकणं. “वॉल्व काढला की गाडी कधीच तापत नाही” म्हणतात, पण मग हिवाळ्यात इंजिन कधीच नीट गरम होत नाही, डिझेल जास्त खातं आणि झीज वाढते. दुसरी, इशाऱ्याच्या दिव्याची वायर कापणं. खोटा इशारा गेला आणि त्यासोबत खराही गेला, हे तेव्हाच कळेल जेव्हा हेड वाकलेलं असेल.

मी दुरुस्तीनंतर त्याच आठवड्यात पुन्हा सोलापूरची खेप घेतली. परतताना येरमाळ्यानंतर हेडलाइट, बार, ब्लोअर, टेप, वायपरसुद्धा, सगळं एकदम लावलं. कोरड्या काचेवर वायपर कुरकुरत होते, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं डिपर मारून शिव्या घातल्या म्हणून बार लगेच बंद केला, पण तोवर चार किलोमीटर झाले होते. तापमानाचा काटा मधोमध. डिझेलचा काटा पाव टाकीवर आला होता, आणि या वेळी तो खरं सांगत होता. चौसाळ्याला पंपावर थांबावं लागलं.